फिरण्याची पदवी

नात काय शिकली असं कुणी विचारलं आणि मी "पर्यटन व्यवस्थापनात बीबीए" असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. "म्हणजे फिरायचं शिक्षण! मजा आहे!" डॉक्टर होणाऱ्या मुलाला कुणी "म्हणजे सुया टोचायचं शिक्षण" असं म्हणत नाही, पण इथे मात्र सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. आमच्या मालवणात तर आणखीच. शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं होतं, "टुरिझम शिकाक कॉलेज कित्याक व्हया? हय पावणे काय कमी येतत?"

प्रश्न तसा चुकीचा नव्हता. पाहुण्यांना माशाचं जेवण घालणं, अंथरूण घालून देणं, किल्ल्यावर जायच्या होडीची वेळ सांगणं, हे आमच्या वाडीतली दहावी नापास मुलंही उत्तम करतात. मग त्यासाठी विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी कशाला? गेल्या सहा-सात वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मला थोडं थोडं करून मिळालं. नातेवाइकांपैकी दोघातिघांची मुलं यंदा बारावीला आहेत आणि त्यांचे फोन येताहेत, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

२०१९ साली नात वाणिज्य शाखेतून बारावी झाली. तिच्या बाबांचं, म्हणजे माझ्या थोरल्याचं, म्हणणं होतं की बीकॉम करावं आणि बँकेच्या परीक्षा द्याव्यात. तिनं पर्यटनाचं नाव काढलं. थोरला ओरोसला सरकारी कचेरीत, त्यामुळे त्यानं आधी चौकशी केली. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची यासाठी १९८३ साली स्थापन झालेली एक स्वतंत्र संस्था ग्वाल्हेरला आहे. मुक्त विद्यापीठातूनही पर्यटनाची पदवी घेता येते. शिवाय निरनिराळ्या विद्यापीठांची महाविद्यालयं आहेतच. शेवटी पुण्यातलं एक कॉलेज ठरलं.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. त्यामुळे मला विचारलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली, अभ्यासक्रमाचा कागद! तो वाचला आणि गंमत वाटली. पहिल्या वर्षाला हिशेबशास्त्र, व्यवस्थापनाची तत्त्वं, संख्याशास्त्र, व्यावसायिक संवाद... पर्यटन असं ज्याला म्हणावं ते दोनच विषय. फिरणं तर कुठेच नव्हतं. पुढच्या वर्षांत विमानाची तिकिटं, सहलीची आखणी आणि तिचा खर्च, भारतातली पर्यटनस्थळं, कायदा, एक परदेशी भाषा, आणि शेवटी प्रत्यक्ष कंपनीत काम व प्रकल्प. मी थोरल्याला म्हटलं, "अरे, हे बीकॉमच आहे. फक्त मालाच्या जागी माणसं आहेत."

खरी अडचण निराळीच निघाली. नात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. पहिले दोन महिने रोज रात्री फोनवर रडारड. मीही मराठीतून बीए झालेली, माझं इंग्रजी ते काय असणार! पण शब्दकोश घेऊन बसायची सवय होती. ती उतारा वाचायची, मी शब्द शोधायची, आणि मग दोघी मिळून तो आपल्या भाषेत सांगायचो. माझा शिरस्ता एकच... आपल्या घरातलं उदाहरण सापडेपर्यंत धडा समजला असं म्हणायचं नाही.

आता हेच बघा. सेवेचा धंदा आणि वस्तूचा धंदा यांत चार फरक असतात म्हणे. सेवा हातात धरता येत नाही, ती देणाऱ्यापासून वेगळी काढता येत नाही, दर वेळी सारखी होत नाही, आणि साठवता येत नाही. या चौथ्याला पुस्तकात 'पेरिशेबिलिटी' म्हणतात. कोशात अर्थ मिळाला, नाशवंतपणा. मी म्हटलं, हे तर मासळीसारखं झालं, सकाळची सुरमई संध्याकाळपर्यंत विकायला हवी. नात जरा थांबली आणि म्हणाली, "नाही आजी, मासळीपेक्षा वाईट. उरलेलं मासे सुकवता येतात. आज रात्री रिकामी राहिलेली खोली सुकवून उद्या विकता येत नाही!" त्या दिवशी मला वाटलं, पोरगी तरली. म्हणूनच विमानाचं तिकीट आज एक किमतीला आणि उद्या दुसऱ्या किमतीला असतं, गर्दीच्या दिवसांत हॉटेलवाले दर चढवतात आणि पावसात निम्मे करतात. रोज रात्री बाराला नासणारा माल विकायची ती धडपड आहे.

भूगोल माझा विषय, म्हणून त्या पुस्तकात मी मुद्दाम डोकावले. आम्ही मुलांना सात खंड शिकवले. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं भाड्यांसाठी जगाचे तीनच भाग केले आहेत! दोन्ही अमेरिका एकात, युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्व दुसऱ्यात, आशियाचा उरलेला भाग आणि ऑस्ट्रेलिया तिसऱ्यात. आपण तिसऱ्यात. शिवाय प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचं नाव. मुंबई बीओएम, पुणे पीएनक्यू. नात ती अक्षरं पाढ्यांसारखी पाठ करायची आणि मी फोनवर घ्यायची.

मग आला सहलीचा हिशेब. एक उदाहरण देते, आकडे सोपे घेतले आहेत. तीस जणांची बस. बस आणि मार्गदर्शक यांचे मिळून ३६,००० रुपये, माणसं कितीही येवोत, हे द्यावेच लागणार. प्रत्येकाच्या राहण्या-जेवणाचे १,८००. तिकीट ठेवलं ३,३००. म्हणजे दर माणसामागे १,५०० उरतात. ३६,००० भरून यायला २४ माणसं हवीत. पंचविसाव्यापासून नफा, तेविसाव्यापर्यंत तोटा. बस भरली तर ९,००० सुटतात, वीसच जण आले तर ६,००० खिशातून जातात. इतक्या बारीक धारेवर हा धंदा चालतो.

हे गणित करताना मला आमच्या शाळेच्या सहली आठवल्या. सवलतीची एसटी ठरवायची, मुलांची डोकी मोजायची आणि वर्गणी काढायची. दर वर्षी चार-पाच मुलं अशी असायची की त्यांना वर्गणी झेपणार नाही. त्यांचा खर्च आम्ही शिक्षक गुपचूप एसटीच्या भाड्यात मिळवून मग भागाकार करायचो. नात म्हणाली, "आजी, तुम्ही त्यांना स्थिर खर्चात टाकलंत!" नाव काही का असेना, पोरं पन्हाळा बघून आली.

थॉमस कुकची गोष्ट त्याच सत्रातली. आधुनिक पर्यटनाचा धडा त्याच्यापासून सुरू होतो. ५ जुलै १८४१ ला या गृहस्थानं इंग्लंडात लेस्टरहून लॉफबरोला रेल्वेनं सुमारे पाचशे माणसं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. सहल कशासाठी, तर दारूबंदीच्या सभेसाठी! लोकांचा वेळ दारूच्या गुत्त्याऐवजी बऱ्या ठिकाणी जावा असा त्याचा विचार. पुढे त्यातून केवढी कंपनी उभी राहिली. नात हा धडा वाचत होती आणि २३ सप्टेंबर २०१९ ला ती १७८ वर्षांची ब्रिटिश कंपनी बुडाली. परदेशांत अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना त्यांच्या सरकारनं माघारी आणलं. आपल्याकडची त्या नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, म्हणून ती वाचली. नातीच्या बाबांनी बातमी वाचून फोन केला, "बघ, ज्याच्यापासून धंदा सुरू झाला तोच बुडाला."

आणि सहा महिन्यांनी सगळंच बुडालं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि नात पुस्तकांचं खोकं घेऊन घरी आली. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२० मध्ये जेमतेम २७ लाख. कंपन्यांनी प्रशिक्षणार्थी मुलांना कळवलं की येऊ नका. तिच्या वर्गातल्या काही जणांनी कॉलेज सोडलं. इकडे किल्ल्याच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, तारकर्लीचा किनारा मोकळा, खोल्यांना कुलपं. आमच्या पडवीच्या एका टोकालाच फोनची रेंज येते, तिथे बसून ती विमानाची तिकिटं काढायची कशी हे शिकत होती, आणि आकाशात विमान नव्हतं!

थोरला म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही, बीकॉमला प्रवेश घे. तो चिडून नव्हता म्हणत, काळजीनं म्हणत होता. ती आठ दिवस काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आपण ज्याचा अभ्यास करतो ती गोष्टच जगातून नाहीशी झाली, हे केवढं मोठं दुःख आहे! त्यावर आजीनं सुविचार सांगू नयेत.

त्या आठ दिवसांत ती वाडीत फिरत होती. कुणाचं कसं चाललंय ते बघत होती. मग एका रात्री वही घेऊन आली. ज्या घरात खोल्या हेच एकमेव उत्पन्न आणि वर त्यांचं कर्ज, ती घरं सगळ्यात आधी बसली होती. ज्यांच्याकडे खोल्या होत्या पण माडही होते, होडीत वाटा होता, घरात एखादा पगार होता, ती वाकली, पण मोडली नाहीत. म्हणाली, "आजी, सगळं सुरळीत असताना हे दिसलंच नसतं. आता उघडं पडलंय तर आत्ताच शिकून घेते." बाबांना तिनं स्वतः सांगितलं. थोरल्यानं वाद घातला नाही, फक्त म्हणाला, "फी भरतो. पण नापास झालीस तर बीकॉम."

मग तिचं वाचन बदललं. आधी परीक्षेपुरतं वाचायची, आता गावापुरतं वाचायला लागली. बटलर नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकानं १९८० साली मांडलेली एक आकृती आहे. पर्यटनस्थळ माणसासारखं वाढतं. आधी एखाददुसरा वाट चुकलेला प्रवासी, मग गावकऱ्यांनी दिलेल्या दोन खोल्या, मग बाहेरचा पैसा, मग गर्दी, मग साचलेपण, आणि त्यानंतर एकतर उतरण नाहीतर नवा जन्म. त्याआधी, १९७५ मध्ये, डॉक्सी यानं गावकऱ्यांच्या मनाच्या पायऱ्या सांगितल्या. पहिल्यांदा आनंद, मग बेफिकिरी, मग वैताग, आणि शेवटी वैर. १९९७ साली आपला सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हाचा आनंद मला आठवतो. शाळेत पेढे वाटले होते. नातीनं विचारलं, "आता आपली वाडी कुठल्या पायरीवर आहे?" मी म्हटलं, "सोमवारी पहिल्या आणि शनिवारी तिसऱ्या." हसली, पण लिहून घेतलं.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. तिला त्याचं अक्षरनाव लगेच पाठ, एसडीडब्ल्यू! तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. माझा धाकटा, म्हणजे तिचा काका, इथेच घरी असतो. त्याच्या डोक्यात मागच्या आवाठात आठ खोल्या बांधायचं आलं. विमानं येणार, आता नाही तर कधी? कर्जाचे कागद आणले, गवंड्याशी बोलणं झालं. पुतणी घरचीच, शिकलेली, तीच सगळं बघेल असं त्यानं धरलं होतं. तिनं प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. काका खूश.

ती मार्च-एप्रिलचे दिवस होती इथे. पंधरा दिवस रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायची. ही विहीर माझ्या सासऱ्यांच्या वेळची. पंप किती मिनिटं चालला की पाणी तळाला जातं आणि पुन्हा भरायला किती तास लागतात, सगळं वहीत. घरची माणसं, माड, गुरं यांना किती लागतं ते वेगळं. आणि एक गोष्ट तिनं धरली जी आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. समुद्रात डुंबून आलेला माणूस एकदा आंघोळ करत नाही. सकाळी करतो, आणि खारं धुवायला पुन्हा गोडं पाणी घेतो. दर वेळी. पाहुणे सगळ्यात जास्त येतात मे महिन्यात, आणि विहीर सगळ्यात खाली जाते तीही मे महिन्यात.

दुसरा हिशेब दिवसांचा. वर्षाचे ३६५ दिवस कागदावर. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्याखाली डुंबवणं बंद, म्हणजे खोल्याही जवळपास रिकाम्या. राहिलेल्या दिवसांत शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे सोडले तर गर्दी नाही. शेजारच्या घरांत जाऊन तिनं नम्रपणे त्यांच्या वह्या पाहिल्या. तोंडी सगळे "फुल्ल" सांगत होते, वह्या तसं सांगत नव्हत्या. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने.

तिनं कागद काकासमोर ठेवला. आठ नाही, तीन. तीनच खोल्या, त्याही कर्ज न काढता, एकेक करून.

घरात आम्ही मालवणीच बोलतो. धाकटा म्हणाला, "ह्याच शिकलंस काय गो पुण्यात? काकाक नको म्हणूक?" मग पुढे बरंच झालं. पाणी कमी पडलं तर बोअर मारू, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, "काका, समुद्र तीनशे पावलांवर आहे. गोडं पाणी जास्त उपसलं की खारं आत शिरतं. आपलीच विहीर नाही, शेजारच्या दोन्ही बिघडतील. मग त्यांच्याशी आयुष्यभर कसं बोलायचं?" धाकटा ताटावरून उठला. पुढचे कित्येक दिवस काका-पुतणी एकमेकांशी मोजकंच बोलत होती. मला मध्ये पडावंसं वाटत होतं, पण कुणाच्या बाजूनं? एकाचं स्वप्न खरं होतं आणि दुसरीचा दोर खरा होता.

२०२२ मध्ये ती पास झाली. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले, पण गुणपत्रिकेत विहिरीचा उल्लेख नाही. पुण्यातच एका सहल कंपनीत लागली. सुरुवातीचा पगार माझ्या निवृत्तिवेतनापेक्षा कमी होता, हे मुलांच्या आईवडिलांनी ध्यानात घ्यावं. काम म्हणजे पाहुण्यांबरोबर मिरवणं नाही. रात्री दोनला फोन येतो की कुणाचं विमान चुकलं, कुणाच्या आजोबांना परक्या देशात धाप लागली, चाळीस जणांपैकी सहा शाकाहारी आणि तिघांना कांदा-लसूण चालत नाही. सणावारी जग फिरायला निघतं तेव्हा हिला सुट्टी नसते. गेल्या दोन दिवाळ्यांचा फराळ मी कुरिअरनं पाठवला.

धाकट्यानं वर्षभरानं एक खोली बांधली. मग दुसरी. कर्जाचे कागद कपाटात तसेच राहिले.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यात आपला सिंधुदुर्गही आहे, विजयदुर्गही. वाडीत पुन्हा पेढे, आणि पुन्हा खोल्यांची बोलणी! कुणी सहा म्हणतोय, कुणी दहा. धाकटा त्या दिवशी संध्याकाळी पडवीच्या टोकाला जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होता. मला वाटलं गवंडी असेल. जवळून गेले तेव्हा कानावर पडलं, "तुझो तो गाठींचो दोर खय ठेवलंस गो?"

तर शेजारच्या काकूंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पाहुणचार आपल्याला येतो, तो कॉलेजात शिकायला नको. पण किती जणांचा, किती दिवस, कुणाच्या पाण्यावर, आणि पाहुणे आलेच नाहीत तर काय, हे शिकावं लागतं. दारी आलेल्याला "या" म्हणायला मन मोठं लागतं. "आता एवढेच" म्हणायला मात्र हिशेब लागतो, आणि तो मांडून दाखवायचं धैर्य लागतं, आपल्याच माणसांसमोर.

ज्यांची मुलं हे शिकायचं म्हणताहेत त्यांना इतकंच सांगेन. मुलाला फिरायला आवडतं का, हे विचारू नका, ते सगळ्यांनाच आवडतं. त्याला आकडेमोडीचा कंटाळा आहे का, आणि रात्री दोनला अनोळखी माणसाशी गोड बोलता येईल का, ते विचारा. दोन्हींचं उत्तर बरं आलं तर खुशाल पाठवा. मराठी माध्यमाची भीती बाळगू नका, शब्दकोश आणि एक रिकामटेकडी आजी पुरते.

असो. तिसरी खोली अजून व्हायची आहे. तोवर येणाऱ्यांनी आधी कळवून यावं, आणि मे महिन्यात आलात तर आंघोळीला एकच बादली मिळेल!